अल्गॉलचा मंदतम क्षण: डोळा चुकला की तक्ता?

तारकाटिपण (धागाकर्ता)

गेला महिनाभर मी ययाती तारकासमूहातील अल्गॉल या ताऱ्याच्या तेजाच्या नोंदी दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी ठेवत आहे. ज्यांनी तो कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अल्गॉल एरवी 2.1 प्रतीचा, म्हणजे सहज लक्षात येईल इतका ठळक तारा आहे. मात्र दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंदावतो, 3.4 प्रतीपर्यंत खाली जातो आणि पुन्हा पूर्ववत होतो. प्रतीचा आकडा वाढला की तेज घटते. या फरकाचा अर्थ असा, की ऐन मंदतम क्षणी त्याचा प्रकाश नेहमीच्या एकतृतीयांशाहूनही थोडा कमी उरतो. मंदावण्यास आरंभ झाल्यापासून पूर्ववत होईपर्यंत सुमारे दहा तास जातात, पण डोळ्याला स्पष्ट जाणवावा असा बदल मधल्या चार-पाच तासांतच घडतो.

माझी अडचण अशी आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर एका रात्री, मंदतम क्षण केव्हा येणार हे ठाऊक नसताना, मी तारा मंदावताना पाहिला आणि मध्यरात्रीनंतरही नोंदी घेत राहिलो. त्यांचा आलेख काढल्यावर मंदतम क्षण रात्री 10:52 ला आला. दुसऱ्या दिवशी मी तक्ता तयार केला, म्हणजे एका जुन्या नोंदीतील मंदतम क्षण घेऊन त्यात आवर्तकाल, म्हणजे दोन मंदतम क्षणांमधला काळ, मिळवत आजपर्यंत आलो. तक्त्याने वेळ दाखवली 10:20. फरक 32 मिनिटांचा पडला. त्यानंतर तीन रात्रींनी पुढचा मंदतम क्षण होता. तक्त्यानुसार तो सायंकाळी 7:09 ला यायचा होता आणि माझ्या नोंदींवरून तो 7:13 ला आला. फरक अवघा चार मिनिटांचा.

वरवर पाहता मी तीन रात्रींत तरबेज झालो, असे म्हणावे लागेल. मला मात्र ते पटत नाही. दुसऱ्या रात्री वेळ आधीच ठाऊक असल्याने मी तारा पाहिला की तक्ता, अशी शंका मनातून जात नाही. जाणकारांनी यावर मत द्यावे.

मंदप्रकाश

शंका रास्त आहे, पण तिच्याकडे वळण्यापूर्वी पहिल्या रात्रीचे 32 मिनिटे तपासले पाहिजेत. तुलनेसाठी आपण कोणते तारे घेतले होते? हे सांगितल्याशिवाय नुसत्या डोळ्यांच्या नोंदीला काहीच अर्थ नसतो, कारण डोळा प्रत मोजत नाही, तो केवळ दोन ठिपक्यांत कोणता उजळ हे सांगू शकतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पद्धत सांगून ठेवतो. अल्गॉलहून किंचित उजळ असा एक स्थिर तारा आणि किंचित मंद असा दुसरा तारा निवडायचा आणि त्या दोहोंमधील अंतराच्या कितव्या हिश्श्यावर अल्गॉल बसतो हे ठरवायचे. ययातीमधीलच (ययाती म्हणजे पर्सियस) एप्सिलॉन पर्सेई 2.9 प्रतीचा आहे आणि त्रिकोण समूहातील आल्फा 3.4 प्रतीचा. अल्गॉल पहिल्यापासून दुसऱ्याकडे पाचांपैकी तीन हिस्से सरकलेला वाटला, तर त्याची प्रत 3.2 झाली. तारा पूर्ण तेजात असताना देवयानीतील आल्माक, म्हणजे गॅमा, उपयोगी पडतो, कारण तोही 2.1 प्रतीच्या आसपास आहे. मधल्या टप्प्यात एप्सिलॉन आणि 3.0 प्रतीचा डेल्टा पर्सेई हे दोघे कामाला येतात.

तुलनेचे तारे शक्यतो सारख्याच उंचीवर असावेत. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो व तो तारा आहे त्याहून मंद दिसतो, एवढ्या एका कारणाने नोंदीत अर्ध्या प्रतीची चूक सहज होऊ शकते.

तारकाटिपण

आरंभी एप्सिलॉन, डेल्टा आणि त्रिकोणातील आल्फा हे तिन्ही घेतले होते. पुढे त्रिकोण शेजारच्या इमारतीआड गेल्यावर अल्गॉलच्या अगदी जवळचा एक तारा तुलनेसाठी घेतला. नकाशावरून तो रो पर्सेई असावा. त्याची प्रत 3.4 धरली.

मंदप्रकाश

नेमके हेच होईल असे वाटत होते. रो पर्सेई स्वतःच रूपविकारी तारा आहे. तो 3.3 ते 4.0 या प्रतींच्या दरम्यान अनियमितपणे हेलकावे खातो, त्यामुळे त्याला मापदंड मानणे म्हणजे ताणल्या जाणाऱ्या दोरीने जमीन मोजण्यासारखे आहे. अल्गॉलपासून अवघ्या दोन अंशांवर असल्यामुळे अनेक नवशिके त्याला बळी पडतात. मीही पडलो होतो आणि एका संपूर्ण हिवाळ्याच्या नोंदी मला बाद कराव्या लागल्या.

त्याचा दुसरा दोष रंगाचा आहे. रो पर्सेई हा तांबूस राक्षसी तारा आहे आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो क्षणाक्षणाला अधिक उजळ भासू लागतो. त्याच्या तुलनेत पांढरट निळा अल्गॉल आपल्याला वास्तवाहून मंद वाटला असणार. हा तारा आपण रात्रीच्या उत्तरार्धातच वापरला असल्याने तेज वाढू लागल्यावरही अल्गॉल आपल्या लेखी मंदच राहिला आणि मंदतम क्षण पुढे ढकलला गेला. त्या नोंदी वगळून पाहा. आलेखाचा तळही शोधत बसू नका, कारण तळाशी वक्र सपाट होतो आणि तिथे डोळा काहीही सांगतो. उतरताना आणि चढताना अल्गॉल एकाच ताऱ्याशी समतुल्य केव्हा झाला, त्या दोन वेळांचा मध्य काढावा. दोन्ही बाजू सममित असल्यामुळे हा मध्य तळापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असतो.

नवखा_निरीक्षक

विषयांतर होत नसेल तर एक विचारतो. हा तारा मुळात मंदावतो कशामुळे? बीटेलज्यूज, ज्याला आपण काक्षी म्हणतो, तो 2019 च्या अखेरीस मंदावला तेव्हा त्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून तयार झालेली धूळ आड आली, असे वाचले होते. इथेही तसेच काही आहे का?

वर्णपट

नाही, आणि म्हणूनच अल्गॉल घड्याळासारखा वागतो. काक्षीचे मंदावणे त्याच्या प्रकृतीतील बिघाडामुळे होते, अल्गॉलचे केवळ भूमितीमुळे. अल्गॉल म्हणजे प्रत्यक्षात दोन तारे आहेत. ते एकमेकांभोवती फिरतात आणि त्यांची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते. मंद तारा उजळ ताऱ्याच्या पुढ्यात आला की पिधान होते, तेही खंडग्रास, म्हणजे उजळ ताऱ्याचा काही भाग झाकला जात नाही. अर्ध्या आवर्तनानंतर उजळ तारा मंद ताऱ्याच्या पुढ्यात येतो, पण तेव्हाची घट प्रतीच्या काही शतांशांची असते आणि ती डोळ्याला कळत नाही.

हे तारे आपल्यापासून सुमारे 90 प्रकाशवर्षे दूर आहेत. परस्परांमधील त्यांचे अंतर मात्र 93 लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सूर्य आणि बुध यांच्यातील सरासरी अंतराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतके आहे. एवढ्या दाटीमुळे कोणत्याही दुर्बिणीच्या भिंगातून ते दोन दिसत नाहीत. त्यांचे द्वैत पहिल्यांदा पक्के झाले ते वर्णपटावरून. 1889 मध्ये पॉट्सडाम येथे हेर्मान फोगेल यांनी वर्णपटातील रेषा पिधानापूर्वी तांबड्या बाजूला व पिधानानंतर निळ्या बाजूला सरकतात हे दाखवले आणि उजळ तारा खरोखरच कक्षेत फिरतो हे सिद्ध झाले.

पिधानाची कल्पना मात्र त्याच्या शतकभर आधीची. इटलीतील मोंतानारी यांनी सतराव्या शतकात अल्गॉलचे तेज बदलते हे नोंदवले होते, पण त्यातील नियमितता कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती आली इंग्लंडमधील यॉर्क येथील जॉन गुडरिक याच्या. तो कर्णबधिर होता आणि 1782 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने अल्गॉल मंदावताना पाहिला तेव्हा अवघ्या 18 वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याने रॉयल सोसायटीला कळवलेल्या निष्कर्षांत दोन शक्यता मांडल्या. एक, ताऱ्याभोवती फिरणारे एखादे अंधारे पिंड त्याच्या आड येत असावे, आणि दोन, स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याच्या एका बाजूवर डाग असावेत. हाताशी केवळ डोळ्यांच्या नोंदी असताना यातील एकच शक्यता निवडण्याचा मोह त्याने टाळला, हे मला त्याच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. त्याच वर्षी त्याला सोसायटीचे कोपली पदक मिळाले आणि 1786 मध्ये, 21 व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

खरी गंमत पुढेच आहे. उजळ ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 3.2 पट आहे आणि मंद ताऱ्याचे अवघे 0.7 पट. जड तारा आपले इंधन लवकर संपवतो, त्यामुळे आधी फुगायला हवा तो जड तारा. प्रत्यक्षात फुगला आहे हलका तारा. त्याची त्रिज्या सूर्याच्या साडेतीनपट आहे आणि जड ताऱ्याची त्याहून कमी, सुमारे 2.7 पट. धाकटा म्हातारा आणि थोरला तरणा अशी ही जोडी आहे. या विसंगतीचा उलगडा 1950 च्या दशकात झाला. आजचा हलका तारा पूर्वी जोडीतील जड तारा होता. तो आधी फुगला, त्याचे बाहेरचे थर त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाच्या ताब्याबाहेर गेले आणि जोडीदाराने ते ओढून घेतले. थोरलेपण असे हस्तांतरित झाले.

संध्यारंग

या ताऱ्याचा उल्लेख प्राचीन इजिप्तमधील शुभाशुभ दिवसांच्या एका पंचांगात सापडतो, असे वाचले आहे. तिथे आवर्तकाल 2.85 दिवस आहे म्हणे.

वर्णपट

हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये तसा दावा केला आहे. पपायरसवर, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या कागदावर, लिहिलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पंचांगातील शुभ दिवसांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करून त्यांनी 2.85 दिवसांची पुनरावृत्ती दाखवली. पंचांगात ताऱ्याचे नाव नाही, त्यामुळे हा दावा सर्वमान्य म्हणता येणार नाही. द्रव्य हलक्या ताऱ्याकडून जड ताऱ्याकडे जात असेल तर आवर्तकाल हळूहळू वाढायला हवा, आणि आजचा आवर्तकाल 2.867 दिवस आहे, एवढे मात्र त्याच्या बाजूने बोलते. मला ते मोहक वाटते, पुराव्याइतके पक्के वाटत नाही.

तारकाटिपण

रो पर्सेईच्या नोंदी वगळून पुन्हा गणित केले. उतरताना अल्गॉल 8:55 ला एप्सिलॉनशी आणि 9:10 ला डेल्टाशी समतुल्य झाला होता. चढताना 11:52 ला डेल्टाशी आणि 12:05 ला एप्सिलॉनशी. डेल्टाच्या जोडीचा मध्य 10:31 येतो आणि एप्सिलॉनच्या जोडीचा 10:30. म्हणजे तक्त्याशी फरक आता 32 ऐवजी दहा मिनिटांचा राहिला. मंदप्रकाश यांचे आभार.

कालगणक

अभिनंदन करण्याची घाई करू नये. आपल्या तक्त्यातील मूळ क्षण पृथ्वीसापेक्ष होता की सूर्यसापेक्ष, हे तपासले का?

तारकाटिपण

नोंदीत 'सूर्यकेंद्री' असे लिहिले आहे. त्याचा अर्थ तेव्हा लक्षात घेतला नव्हता.

कालगणक

तर मग आकडे पुन्हा बदलतील, आणि दुर्दैवाने आपल्या विरुद्ध बाजूला. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी अल्गॉलच्या बाजूला असते तर कधी पलीकडे. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे अंतर कापायला सव्वाआठ मिनिटे लागतात. अल्गॉल क्रांतिवृत्तापासून, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलापासून, सुमारे 22 अंश उत्तरेला असल्याने त्याच्या बाबतीत ही तफावत जास्तीत जास्त पावणेआठ मिनिटांपर्यंत जाते. वर्षभराच्या या चढउताराचा गोंधळ नको म्हणून तक्ते सूर्याच्या स्थानावरून केलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यावर आपण अल्गॉलच्या बाजूला असतो, त्यामुळे मंदतम क्षणाचा प्रकाश आपल्याला सूर्यापेक्षा साडेसात मिनिटांहून थोडा आधी मिळतो. आपली 10:20 ही वेळ पृथ्वीवर 10:12 होते. म्हणजे 10:30 या नोंदीतील फरक दहाचा नसून अठरा मिनिटांचा आहे.

आता दुसऱ्या रात्रीकडे पाहा. तक्ता म्हणत होता 7:09. पृथ्वीवर ती वेळ 7:01 व्हायला हवी होती. आपली नोंद 7:13. या नोंदीचा मेळ बसला तो ताऱ्याच्या अपेक्षित वेळेशी नाही, तर कागदावरच्या दुरुस्ती न केलेल्या आकड्याशी. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वहीत आहे.

तारकाटिपण

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मी त्या संध्याकाळी सात वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होतो आणि 7:15 ला 'आता वाढू लागला' असे लिहिले होते. तारा खरोखर वाढत होता का, हे आज मी शपथेवर सांगू शकणार नाही.

नवखा_निरीक्षक

एवढी यातायात करण्यापेक्षा भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने दर दहा मिनिटांनी छायाचित्र घेतले तर?

मंदप्रकाश

जरूर घ्यावे. तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून, तेजाची आपोआप होणारी जुळवणी बंद करून आणि प्रतिमा किंचित अस्पष्ट ठेवून घेतलेली छायाचित्रे डोळ्यापेक्षा कितीतरी अचूक ठरतात. पण या धाग्याचा प्रश्न डोळ्याचा आहे, आणि डोळ्यासाठी उपाय एकच. वेळ माहीत नसावी. तक्ता दुसऱ्याने करावा आणि निरीक्षकाला केवळ 'आज रात्री सहा ते एक या वेळात पाहा' एवढेच सांगावे. मधूनमधून ज्या रात्री काहीच घडणार नाही अशीही रात्र द्यावी. त्या रात्रीसुद्धा तारा मंदावल्याची नोंद झाली, तर निरीक्षकाचे काय करायचे ते ठरवता येते.

तारकाटिपण

माझी बहीण गणित करून लिफाफ्यात ठेवायला तयार आहे. तक्ता तोच, मूळ क्षणही तोच. नोंदी झाल्यावर येथे लिहीन.

तारकाटिपण

डिसेंबरचा दुसरा आठवडा. बहिणीने चार रात्री दिल्या होत्या. दोन ढगांत गेल्या. एका रात्री अल्गॉल आदीपासून अंतापर्यंत आल्माकइतकाच राहिला आणि मी तसे लिहिले. लिफाफ्यात त्या रात्रीसमोर 'काही नाही' असे निघाले. यावर मी अपेक्षेपेक्षा जास्त खूश झालो हे कबूल करतो.

उरलेल्या रात्री, म्हणजे पहिल्या रात्रीनंतर 23 दिवसांनी, तारा मंदावला. तीन तुलनाताऱ्यांच्या जोड्यांवरून मंदतम क्षण 9:01 आला. जोड्यांमध्ये आपसात सात मिनिटांपर्यंत फरक आहे, त्यामुळे यातील शेवटच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. लिफाफ्यात 8:51 होते. कालगणक यांची दुरुस्ती (या तारखेला ती सात मिनिटांची येते) करून 8:44. फरक सतरा मिनिटांचा. वेळ ठाऊक नसताना पाहिलेल्या दोन्ही रात्री तारा तक्त्याच्या मागेच आला, एकदा अठरा आणि एकदा सतरा मिनिटे. वेळ ठाऊक असलेली रात्र तेवढी वेगळी पडते.

कालगणक

आता तक्ता तपासण्याची वेळ आली. मूळ क्षण किती जुना आहे आणि आवर्तकाल किती दशांशांपर्यंत घेतला?

तारकाटिपण

मूळ क्षण चार वर्षांपूर्वीचा. आवर्तकाल 2.8673 दिवस.

कालगणक

मग कोडे बरेचसे सुटले. अलीकडच्या वेधांवरून आवर्तकाल 2.86732 ते 2.86733 दिवसांच्या दरम्यान येतो. आपण पाचवा दशांश सोडून दिलात. प्रत्येक आवर्तनात चूक होते ती 1.7 ते 2.6 सेकंदांची, जिच्याकडे कोणीही दुर्लक्ष करील. पण वर्षभरात अल्गॉलची 127 आवर्तने होतात आणि चार वर्षांत सुमारे 510. तेवढ्या आवर्तनांत ही चूक 15 ते 22 मिनिटांपर्यंत साचते, आणि तिची दिशाही हीच, म्हणजे खरा तारा तक्त्याच्या मागे येणार. दहा मिनिटांहून बारीक वेळ न कळणाऱ्या डोळ्याने 510 आवर्तनांच्या आधाराने पाचवा दशांश पकडला. गुडरिकलाही आवर्तकाल असाच मिळाला होता. एका पिधानाची वेळ अर्ध्या तासाने चुकली, तरी शंभर आवर्तनांवर वाटल्यावर ती चूक आवर्तनामागे अठरा सेकंदांवर येते.

वर्णपट

गणित मान्य, पण 'सुटले' या शब्दाला माझी हरकत आहे. या जोडीभोवती 680 दिवसांत फेरी घेणारा तिसरा तारा आहे. त्याच्या ओढीने जोडी आपल्या दिशेने आणि उलट दिशेने सरकत राहते व पिधाने काही मिनिटांनी मागेपुढे होतात. शिवाय आवर्तकाल स्वतःही दशकांच्या ओघात थोडाफार बदलत आला आहे. सतरा-अठरा मिनिटांतील किती वाटा कोणाचा, हे दोन रात्रींवरून सांगता येणार नाही.

मंदप्रकाश

दोन रात्रींवरून काहीच सांगता येत नाही, हे खरेच. मात्र असे तक्ते ज्या वेधांवरून दुरुस्त होतात, त्यांत दीर्घकाळ हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदींचा मोठा वाटा राहिला आहे. धागाकर्त्यांनी 7:13 ची नोंद खोडू नये, तिच्यापुढे 'वेळ आधी ठाऊक होती' एवढा शेरा लिहून ती तशीच ठेवावी.

तारकाटिपण

शेरा लिहिला आहे. पंधरा आवर्तने म्हणजे जवळजवळ नेमके 43 दिवस होतात, केवळ पाऊण तासाच्या तिसऱ्या हिश्शाइतका फरक राहतो, त्यामुळे पहिल्या रात्रीचाच प्रसंग डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा पावणेअकराच्या सुमारास येणार हे मला आता तोंडपाठ झाले आहे. म्हणजे ती रात्र माझ्यासाठी बाद झाली. त्या रात्री वही बहिणीकडे असेल. तिला त्या रात्रीची वेळ सांगितलेली नाही, फक्त एप्सिलॉन, डेल्टा आणि त्रिकोणातील आल्फा हे तीन तारे दाखवले आहेत. अल्गॉलशेजारचा तो तांबूस तारा कोणता, असे तिने विचारले, तेव्हा त्याच्याकडे पाहू नकोस, एवढेच सांगितले.